मन्मथचा समोरचा दात

लातूर जिल्हा झाला तेव्हा इतरांना काय मिळालं ते मला माहीत नाही, मला गिऱ्हाईक मिळालं. कलेक्टर आले, त्यांच्या मागोमाग सगळी खाती आली, आणि त्या खात्यांतल्या साहेबांच्या बायकांना दातात चांदी नको होती. हसलं की काळं दिसतं म्हणायच्या. तोवर गोलाई चौकाजवळच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या माणसाची एकच मागणी असायची, उपटून टाका. मी उदगीरचा, कर्नाटकातल्या कॉलेजात दातांचं शिकून आलेलो, आणि उपटण्याचा मला मनापासून कंटाळा. म्हणून हैदराबादहून दाताच्या रंगाचा मसाला मागवायला लागलो. कॉम्पोझिट म्हणतात त्याला. दोन पेस्ट कालवायच्या, दातावर चढवायच्या, थोड्या वेळात दगड होतो.

त्याची एक खोड होती. दात खोलवर तुटलेला असला तर हा मसाला आतल्या नसेला झोंबतो. म्हणून खाली सिमेंटचा थर द्यावा लागतो. दातांचं सिमेंट हो, काचेच्या भुकटीचं, घरं बांधायचं नाही. ते दाताला आपणहून धरतं. पण त्या सिमेंटला वरचा मसाला धरतो का, हा खरा प्रश्न होता. एका परदेशी मासिकात आलं होतं, की सिमेंट घट्ट झाल्यावर त्याला आम्ल लावावं, धुवावं, ते खरखरीत होतं आणि मग मसाला धरतो. छापलेल्या गोष्टीवर लगेच विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. उपटलेले दात माझ्याकडं बरणीभर होते. त्यांवर सिमेंट लावलं, आम्ल लावून धुतलं, वर मसाला, मसाल्यात तारेचा आकडा, आकड्याला डालड्याचा रिकामा डबा, आणि डब्यात वाळू ओतत बसलो. बायको म्हणाली, एवढं शिकून काय पोरखेळ करून राहिलात.

पोरखेळ नव्हता तो. वाळूच्या वजनानं डबा खाली यायचा तेव्हा तुटायचं एकाच ठिकाणी. सिमेंट आणि मसाल्याच्या जोडावर कधीच नाही, सिमेंटच्या पोटात. निघालेल्या मसाल्याच्या खालच्या अंगाला सिमेंटचा पांढरा पापुद्रा तसाच चिकटलेला असायचा. म्हणजे जोड खुद्द सिमेंटापेक्षा घट्ट होता. त्या आनंदात मी बायकोसाठी पेढे आणायला निघालो आणि कशाचे पेढे ते मला तिला सांगता येईना.

माणसाच्या तोंडात मात्र ते काम मी एकदाच केलं. सिमेंटची ती बाटली नमुना म्हणून आली होती, लातूरच्या उन्हाळ्यानं तिच्यातला भुकटी कालवायचा रस घट्ट होऊन गेला, आणि दुसरी काही मला मिळाली नाही. ते एक तोंड मन्मथचं.

मन्मथचे वडील ईश्वरप्पा मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, जुने आडत व्यापारी. आवाज असा, की हमाल पोतं उचलायच्या आधी त्यांच्या तोंडाकडं बघायचे. ते मुलाला घेऊन आले तेव्हा मन्मथनं तोंडावर रुमाल धरला होता. वरचा समोरचा दात निम्मा तुटलेला. स्कूटरवरून पडला म्हणून ईश्वरप्पांनी सांगितलं. स्कूटरवरून पडणाऱ्याची हनुवटी सोलते, तळहात सोलतात. ह्याचा नुसता ओठ फाटला होता. वडील बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर मी विचारलं तर म्हणाला, कुलूप लागलं. दुकानाचं कुलूप. वडिलांनी फेकून मारलेलं.

गुन्हा एवढाच होता की त्यानं कलेक्टर ऑफिसात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. नवा जिल्हा, नवी भरती, मोंढ्यातली शिकलेली पोरं सगळीच अर्ज करत होती. ईश्वरप्पांचं म्हणणं, आपण कारकून ठेवणारी माणसं, आपण कारकून व्हायचं नसतं. मुलगा बोलला, मला धान्याचा वास नको. त्यावर कुलूप आलं. हे त्यानं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, पाऊस पडला सांगावं तसं सांगितलं.

मी त्याचा दात जीव लावून केला. खाली सिमेंट, त्यावर आम्ल, धुणं, मग मसाला. रंग असा जुळला की जोड माझा मलाच दिसेना. आरशात बघून तो हसला आणि हसताना वडील बघत नाहीत ना, म्हणून दाराकडं पाहून घेतलं.

दिवाळीनंतर त्याची नोकरीची ऑर्डर आली. ईश्वरप्पांनी ती दुकानासमोर, हमालांच्या देखत फाडली. दुसऱ्या दिवशी पहाटे मन्मथ घरात नव्हता.

त्यानंतरचे ईश्वरप्पा साऱ्या मोंढ्यानं पाहिलेत. दुकान भाच्यावर टाकून ते शोधत सुटले. कुणी म्हणालं, माहूरच्या गडावर गोसाव्यांत असा एक पोरगा दिसला. ते माहूरला गेले. कुणी म्हणालं, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसतो. तिथं गेले. बिलोलीकडं कुणी पाहिला म्हणे, तिकडंही जाऊन आले. तरण्या गोसाव्यापुढं हा एवढा मानी माणूस हात जोडून उभा राहायचा आणि म्हणायचा, महाराज, जरा दात दाखवा. काही दाखवायचे, काही शिव्या द्यायचे. परत आले की माझ्याकडं यायचे. डॉक्टर, वरचा उजवाच ना? आता पिवळा पडला असेल का? मी सांगायचो, थोडा पडला असेल. ते मान हलवून पुन्हा एसटी स्टँडकडं चालायला लागायचे. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, कधी कुठला आधी यायचा ते सांगता येणार नाही.

मन्मथची आई, शांतम्मा, कधी कुठं गेल्या नाहीत. रडल्याही नाहीत, म्हणून शेजारणी त्यांना दगडाची म्हणायच्या. आमच्यात, लिंगायतांत, अंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत. शांतम्मांची पूजा त्या वर्षापासून फार लांबली होती, एवढंच बायकांना दिसलं.

मग दुष्काळ आला. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात दवाखान्यात चूळ भरायला मी अर्धा पेला पाणी द्यायचो आणि पेशंट तेही गिळून टाकायचा. निलंग्याच्या अलीकडं बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला एक पाझर तलाव आहे. तो पहिल्यांदा तळापर्यंत आटला. रोजगार हमीवर गाळ काढायला माणसं लागली, आणि गाळात त्यांना माणसाची हाडं लागली.

फौजदारांनी ईश्वरप्पांना निरोप धाडला. बेपत्ताच्या अर्जात ईश्वरप्पांनी खूण लिहिली होती, समोरचा दात बसवलेला. ह्या कवटीचा एक दात तसा वाटतो, दातांच्या डॉक्टरला घेऊन या, असं फौजदारांचं म्हणणं. ईश्वरप्पांनी आणलेल्या जीपमध्ये मी बसायला गेलो तर मागं शांतम्मा आधीच बसलेल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. निलंग्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींचे पाल्यासाठी ओरबाडून नुसते दांडे उरले होते.

चौकीच्या ओसरीवर, उन्हात, धोतराच्या फडक्यावर कवटी ठेवली होती. शांतम्मा पायरीशीच थांबल्या. चिखलानं दात धरून ठेवले होते, सगळे जागच्या जागी. एकच, वरचा उजवा समोरचा, निम्मा. शेजारी फडक्यावर एक चिमुकला तुकडा पडलेला. शिपाई म्हणाला, काढली तेव्हा तुकडा दातालाच होता, दोन दिवस उन्हात ठेवल्यावर आपोआप गळला.

आपोआप नव्हे. हे सिमेंट ओल असेतोवर जगतं. तोंडात त्याला लाळ होती, तलावात पाणी होतं. उन्हात वाळलं आणि पोटात तडकलं. मी तुकडा नखावर उलटा घेतला. खालच्या अंगाला पांढरा पापुद्रा चिकटून होता, आणि दातावर उरलेला दुसरा पापुद्रा त्याच्याशी बरोबर जुळत होता. वाळूच्या डब्यानं मला जे दाखवलं होतं, तेच. जोड सुटला नव्हता. दीड वर्ष पाण्याखाली राहून माझा जोड सुटला नव्हता. मला अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

ईश्वरप्पा माझ्याकडं बघतच नव्हते. ते फौजदारांना विचारत होते, गळ्यात काय होतं? फौजदार म्हणाले, काहीच नाही. ईश्वरप्पांच्या तोंडावर एकदम जीव आला. मग हा माझा पोरगा नाही, ते म्हणाले. आमच्यात गळ्यातलं लिंग माणूस जिवंतपणी उतरवत नाही आणि मेल्यावरही त्याच्यासंगंच जातं. चांदीच्या पेटीतलं होतं मन्मथचं, चांदी काही कुजत नाही. फौजदार गाळात पुन्हा बघून आले होते, पेटी नव्हती. मग ईश्वरप्पा माझ्याकडं वळले.

"डॉक्टर, खरं सांगा. असा दात तुमी आनखी कुनाचा केलता?"

त्यांचे डोळे मी आजही विसरलो नाही. एक होय त्यांना पुरेसं होतं. पुन्हा माहूर, पुन्हा नांदेड, पुन्हा महाराज जरा दात दाखवा, आणि संध्याकाळी माझ्या दारात पिवळा पडला असेल का. असं जगणं देऊन काय उपयोग, असं मला वाटलं. शिवाय माझी जीभच तशी आहे, खोटं बोलायला वळत नाही.

"न्हाई आप्पा," मी म्हणालो. "एकट्याचाच."

ते ऐकून घेतल्यासारखं करून फौजदारांना म्हणाले, आमचं नाही हे. कुठल्या तरी दुसऱ्या डॉक्टरचं काम असेल. फौजदार थकलेले होते. अशा वर्षी पोलिसांच्या मागं कामं काय कमी असतात. तुम्ही ओळख देत नसाल तर बेवारस म्हणून लिहितो, उद्या सकाळी ग्रामपंचायत लाकडं घालून जाळून टाकेल, असं ते म्हणाले. ईश्वरप्पा उठले. मी उठलो नाही. हे चुकतंय, असं मी फौजदारांना म्हणालो, तर ते म्हणाले, तुमचा दात खरा असेल डॉक्टर, पण बाप न्हाई म्हणतोय, त्यांचे देव त्यांना माहीत.

तेव्हा पायरीवरून शांतम्मा वर आल्या.

"जाळू नका," त्या म्हणाल्या. "आमच्यात पुरतात."

ईश्वरप्पांनी त्यांना चल म्हणून खुणावलं. त्या हलल्या नाहीत. पदराखाली हात घालून त्यांनी गळ्यातले दोर बाहेर काढले. दोन होते. एक त्यांचा स्वतःचा, आणि दुसऱ्याला चांदीची पेटी, मन्मथची.

"गेला त्या पहाटं देवघरात काढून ठिवलं होतं. माज्या पूजेच्या ताटात," त्या म्हणाल्या.

आमच्यापैकी कुणाला ह्याचा अर्थ सांगायला नको होता. लिंग काढून ठेवणारा पोरगा गोसाव्यांत जात नाही आणि लंगरलाही बसत नाही. शांतम्मांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतके दिवस त्या रोज दोन लिंगांची पूजा करत होत्या, आपलं झालं की त्याचं.

ईश्वरप्पांनी ओसरीच्या खांबाला हात लावला. "तुला म्हाईत होतं," ते म्हणाले. "अन मला हिंडू दिलंस. गोसाव्यांची तोंडं उघडून बघत फिरलो मी."

"कुठं गेला ते म्हाईत नव्हतं. ह्या जगात न्हाई, येवढंच." मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमी घरी बसला असता तर तुमाला बी असंच कुठून तरी काढावं लागलं असतं. एक तरी राहू दे म्हनलं."

मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ह्याहून कठीण बोलणं ऐकलेलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ईश्वरप्पांनी खाली बसून कागदावर सही केली, कुठं करायची ते फौजदारांनी बोट ठेवून दाखवलं.

सरकारी दवाखान्यातले सोपस्कार उरकून आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला वाटलं, मला दवाखान्याशी सोडून ते घरी जातील. ईश्वरप्पा कवटी फडक्यात घेऊन माझ्यामागं आत आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. शांतम्मा बाकावर बसल्या. फडकं मांडीवर सोडून ईश्वरप्पांनी तो तुकडा माझ्यापुढं धरला.

"जोडून द्या," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो, की ते सिमेंट आता माझ्याकडं नाही. माझ्याकडं आहे ते दातांवर टोप्या बसवायचं जुनं सिमेंट, ते ह्या मसाल्याला चिकटत नाही, नुसतं अडकून राहतं. त्यात दात असा कोरडा. कशाला उगाच? ईश्वरप्पांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, उद्या त्याला समाधीत बसवायचं, तोंड फुटकं घेऊन बसू नये त्यानं. माझ्या जिभेवर आलं होतं, फोडलं कुणी. मला राग आवरत नाही, आणि ते वाक्य तोंडात असताना मी शांतम्मांकडं पाहिलं. त्यांनी नकाराची मान हलवली. मी ते गिळलं.

तुकड्याच्या खालच्या बाजूला मी सुईनं चरे मारले, दातावरच्या पापुद्र्यावरही मारले, म्हणजे अडकायला तेवढीच जागा. काचेच्या पाटीवर सिमेंट कालवलं आणि तुकडा जागेवर बसवला. घट्ट होईपर्यंत आता दाबून धरायला हवं होतं. मी बोट पुढं केलं तर ईश्वरप्पांनी माझा हात बाजूला सारला आणि स्वतःचा अंगठा दातावर ठेवला. पोत्यात हात घालून धान्य तपासण्यात जन्म गेलेला जाड अंगठा.

"जोरात न्हाई," मी म्हणालो. "नुसता टेकवा."

त्यांनी नुसता टेकवला. इतक्या हलक्या हातानं त्यांनी कधी कशाला स्पर्श केला असेल असं मला वाटत नाही. सिमेंट घट्ट झालं तसं मी सांगितलं, झालं आता, सोडा. ते म्हणाले, सोडला की पडंल. पडणार नाही म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. शेवटी ते तसेच, कवटी पोटाशी धरून, अंगठा न काढता, जीपमध्ये जाऊन बसले आणि शांतम्मांनी बाहेरून दार लावलं.

सकाळी जंगमस्वामी आले. खड्डा खणायला फार वेळ लागला, त्या वर्षी जमीनच तशी झाली होती. आमच्यात मेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात, हातावर लिंग ठेवून. हाडं कशी बसवायची? ईश्वरप्पा स्वतः खड्ड्यात उतरले. फडक्यात बांधलेली हाडं त्यांनी मांडी घातल्यासारखी रचली, वर कवटी ठेवली, भिंतीला टेकवली. शांतम्मांनी गळ्यातला दुसरा दोर काढून वरून हातात दिला आणि त्यांनी ती पेटी हाडांवर ठेवली. स्वामींनी भस्म लावलं, बेल वाहिला, मंत्र म्हटले. भाऊबंद ओंजळीत माती घेऊन काठावर उभे राहिले.

ईश्वरप्पा वर येईनात. ते कवटीसमोर उकिडवे बसले होते आणि त्या दाताकडं बघत होते. तुकडा जागेवर होता. भाच्यानं हात दिला तर त्यांनी तो धरला नाही.

"माती नका टाकू," खालून म्हणाले. "अजून ओलं हाय त्ये."

स्वामींनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. ते सिमेंट काल संध्याकाळीच, माझ्या खुर्चीत, ते बसलेले असतानाच वाळलं होतं.

"हाव," मी म्हणालो. "ओलं आहे अजून. थांबा थोडं."

आणि सगळे ओंजळीत माती घेऊन थांबले.